पदराला लागलेला उंदीर

५ जानेवारी, रविवार

कृषी केंद्रवाल्याने नव्या वर्षाची म्हणून गजेंद्रला ही डायरी दिली. प्रत्येक पानाखाली लालबुंद टोमॅटो आणि बियाण्याच्या कंपनीचं नाव. गजेंद्र कागदावर सहीशिवाय काही करत नाही, म्हणून मी ती ठेवून घेतली. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहायला कोण अडवतंय.

लिहायचं कारण एकच. मला भीती वाटते, आणि ती सांगायला घरात कोणी नाही. एरवी मी आत्याबाईंना सांगितली असती, म्हणजे माझ्या सासूबाईंना. त्यांनी मला आधी चार शिव्या घातल्या असत्या आणि मग चहा टाकायला लावला असता. पण आता त्यांच्यापासूनच लपवायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन अकोल्याला झालं. गाठ गेली, केस गेले, केस परत आले, आम्ही सुटलो म्हणून गावात पेढे वाटले. दिवाळीपासून पाठ धरली. मग कंबर. परवा वाशिमला तपासण्या झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी गजेंद्रला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, कॅन्सर हाडांत उतरलाय. बरं करण्यासारखं आता काही नाही, त्रास कमी करण्यासारखं पुष्कळ आहे. मला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं.

आसेगावला परत येईस्तोवर गजेंद्रने ठरवून टाकलं. आईला सांगायचं नाही, हाडं झिजली म्हणायचं. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, गोठ्यात नेऊन सांगितलं. ते "हूं" म्हणाले आणि वांग्याला पाणी द्यायला निघून गेले. पाण्याची पाळी नव्हती.

वावरात साप निघाला तर मी फावडं उचलते, पळत नाही. आणि आता आत्याबाईंच्या खोलीत जाताना दारातच घुटमळते. त्या माझ्या देखत मेल्या तर? मी एकटी घरी असताना? हे लिहिलं आणि लगेच सायलीला हाक मारली, उगाच. पोरगी दहावीला आहे, अभ्यास सोडून आली आणि काय पाहिजे म्हणून विचारत राहिली.

८ जानेवारी, बुधवार

वाशिमच्या सरकारी दवाखान्यात एक खोली आहे, बाहेर पॅलिएटिव्ह केअर अशी पाटी, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातलं दुखणं हलकं करायची खोली. मामाजी तिला पालेटी म्हणतात. मला वाटलं होतं तिथे माणसं विव्हळत पडलेली असतील. तिथे एक बाई चहा पीत होती आणि एक म्हातारा तंबाखूसाठी भांडत होता.

तिथल्या नर्स रीता सिस्टर. जाड चष्मा, आवाज खणखणीत. त्या आमच्याशी बोलल्याच नाहीत, सरळ आत्याबाईंसमोर स्टूल ओढून बसल्या. कुठे दुखतं, कसं दुखतं, आणि दुखण्यामुळे काय करायचं राहून गेलं. हा शेवटचा प्रश्न मला भलताच वाटला. आत्याबाई म्हणाल्या, "वावरात जाता येत नाई. वांग्याची बिजवाई पाहायची राह्यली." मला वाटलं होतं झोप म्हणतील.

बिजवाई म्हणजे पुढच्या साली पेरायचं बी. भरताच्या वांग्याचं हे बी आमच्या घरी आत्याबाईंच्या सासूपासून चालत आलंय. कोणत्या झाडाची वांगी बियासाठी राखायची ते फक्त आत्याबाई ठरवतात. मला त्या झाडांना हात लावू देत नाहीत.

गोळ्या तीन प्रकारच्या दिल्या. एक दुखण्याची, एक पोट साफ होण्याची, एक उलटीची. दुखण्याची गोळी चार-चार तासांनी, घड्याळ पाहून. दुखत असो की नसो. दुखणं वर यायची वाट पाहू नका, असं सिस्टरनी मला दोनदा बजावलं. गजेंद्रने हळूच विचारलं की ही कशाची. मॉर्फिन. अफूपासून बनते का? हो, त्या म्हणाल्या, अफूपासूनच. पण सांगितली तशी दिली तर ती जीव घेत नाही, दुखणं घेते.

गाडीत आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. घरी उतरल्यावर गजेंद्र मला विहिरीपाशी म्हणाला, "कीड दिसल्याबिगर आपुन फवारतो का? अन् एकच जहाल औषध दणादण मारलं त किडीले सवय लागते. मंग ऐन टायमाले कायचाच मार लागत नाई. जहाल ते मागून वापरा लागते."

मला ते पटलं. शेजारच्यांनी गेल्या साली टोमॅटोवर सगळ्यात भारी औषध पहिल्यांदाच मारलं, नंतर अळी कशालाच दाद देईना. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा असं ठरलं, एक सकाळी, एक निजताना. मध्ये त्यांनी मागितली तरच. बाकीच्या शेवटासाठी राखायच्या. शेवट हा शब्द आमच्यापैकी कोणीच उच्चारला नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

काल सकाळची पहिली गोळी मी दिली. दिली आणि आत्याबाई झोपल्या त्या झोपल्याच. दुपार झाली. कित्येक दिवसांत त्या अशा झोपल्या नव्हत्या हे मला कळत होतं, तरी नाकाखाली बोट धरून पाहिलं. एकदा नाही, सारखं. भाजी करपली. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "गंज दिवसानं पाठ टेकली बाई." आणि भाजी कोणी जाळली ते विचारलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून गोळी मागितली. मी हातावर ठेवली, पाण्याचा गिलास दिला, पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुहा हात काहून कापून राह्यला व?"

थंडी आहे म्हटलं. थंडी होतीच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि गोळी गिळली. मला वाटतं त्यांनी माझं खरं मानलं.

खरी गोष्ट इथे लिहिते. ही गोळी माझ्या हातून जाते. गजेंद्र वावरात असतो, मामाजींना गोळ्यांतलं कळत नाही. उद्या काही झालं तर सगळं गाव म्हणेल, सुनेने अफू चारली. आणि गाव सोडा, मीच म्हणेन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जऊळक्याहून नणंद आल्या, वनमालाताई. आईला पाहून आधी रडल्या, मग गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. तीळगूळ हातात घेऊन मला म्हणाल्या, "अफू देऊन राह्यली व वयनी? अफूनं माणूस उठत नाई मंग."

आत्याबाई आतून ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आमची माय वावरात निंदाले जाये तवा पोरायले अफूचं बोट चाटवे. दिवसभर झोपत पोरं. सबन उठले. तुह्या बापालेबी चाटवलं असन, म्हणून असा मुका राह्यला." मामाजी ओसरीवर शेंगा फोडत होते. हसले.

सगळे हसले. मी पण हसले. पण ताई जाताना पुन्हा माझ्या कानाशी लागल्या की कमीत कमी दे. मी हो म्हटलं. त्यांना हो म्हणताना मला बरं वाटलं, कारण मी देतच कमी होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मधली गोळी मागितली नाही. कालही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "नाई लागत. बरं आहे मले."

गजेंद्रला सांगितलं. तो म्हणाला पाहा, सिस्टरचं ऐकलं असतं तर उगाच खाल्ल्या असत्या.

२१ जानेवारी, मंगळवार

आत्याबाईंचं हिरवं लुगडं धुवायला काढलं तर पदराच्या टोकाला भोकंच भोकं. धागे निघालेले, काठ चघळल्यासारखा. उंदीर. त्यांच्या खोलीत मागच्या भिंतीला कांद्याची पोती आहेत, तिथूनच येत असणार. आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "हाव, उंदीरच असन."

गजेंद्रने संध्याकाळी पिंजरा आणला. आत खोबऱ्याचा तुकडा लावला. खाटेखाली ठेवला.

आजारी माणसाला उंदीर चावला म्हणजे? आता ही एक नवी भीती. झोपताना त्यांचे पाय गोधडीत नीट खोचून आले. पाय आखडून घेतले होते, गुडघे पोटाशी. थंडीच तशी आहे.

२७ जानेवारी, सोमवार

उंदीर सापडत नाही. खोबरं तसंच्या तसं. आणि जांभळ्या लुगड्याचा पदरही गेला. सायली म्हणते आजीचा उंदीर हुशार आहे, त्याला खोबरं नको, लुगडंच पाहिजे. कांद्याची पोती आम्ही गोठ्यात हलवली. तरीही कुरतडतो.

बाकी घरात शांतता आहे. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. आठवडा झाला, त्या मला एक शब्द रागावल्या नाहीत. आज वरणात मीठ दुप्पट पडलं, मामाजींनी पाणी घालून खाल्लं, त्यांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. बोलल्या नाहीत. दुसरा कोणताही आजार असता तर मी खूश झाले असते. लग्नाला अठरा वर्षं झाली, इतकी गोडीत आम्ही कधी राहिलो नाही.

गोळी अजिबात मागत नाहीत. म्हणजे दुखणं कमी झालं असणार. मग मला इतकी भीती का वाटते? त्या गप्प असल्या की मी दारात उभी राहून गोधडी वरखाली होते का ते बघते.

३१ जानेवारी, शुक्रवार

धीरजचा पुण्याहून फोन. धाकटा दीर, कंपनीत आहे. म्हणाला मोबाईलवर वाचलं, कोणाचा तरी आजार काढ्याने गेला. गजेंद्र आणि तो फोनवरच भांडले. मी फोन घेऊन बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, भाऊजी, काढा पाठवू नका, तुम्ही या. तो म्हणाला, "वयनी, मले भेव वाटते तिले पाहाले." मी म्हटलं मलाही वाटतं.

आंघोळीला गेले तेव्हा स्वतःची छाती चाचपून पाहिली. वाशिमला सिस्टरनी मला गाठ कशी शोधायची ते दाखवलं होतं तसं. काही नव्हतं. मग सायलीचा विचार आला, तिच्यात तर आत्याबाईंचं रक्त आहे, आणि पाणी थंड होईस्तोवर तशीच बसून राहिले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

रीता सिस्टर घरी आल्या. महिन्यातून एकदा त्यांची गाडी आमच्या बाजूच्या गावांना येते, इंझोरी करून इकडे आली. अंगणात शिरल्या शिरल्या त्यांनी आजी कशी आहे विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, आता दुखतच नाही, गोळी मागतच नाही. चांगलं झालं अशी शाबासकी मिळेल असं मला वाटत होतं.

त्या आत गेल्या. पाठीला फोड वगैरे आहेत का बघायला आम्ही दोघींनी आत्याबाईंना कुशीवर वळवायला घेतलं. मी खांद्याला हात लावला तेवढ्यात आत्याबाईंनी पदराचं टोक चाचपलं, तोंडात घातलं आणि दात आवळले. आम्ही वळवलं. कपाळावर घाम, गळ्याची शीर टरारली, पण आवाज नाही. इतक्या सवयीने केलं त्यांनी ते. वळवून झाल्यावर पदर बाहेर काढला, टोकाचा ओला भाग मुठीत लपवला.

मी खाटेखाली पाहिलं. पिंजरा तिथेच होता, खोबरं लावलेला.

सिस्टरनी गोळ्या मागितल्या. मी डबा आणला. डबा जड होता, बहुतेक गोळ्या तशाच. त्या आत्याबाईंजवळ खाली बसल्या आणि विचारलं, आजी, दुखतं तर मागितली का नाही? आत्याबाईंनी आधी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. मग त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या,

"पोरीचा हात कापे ना बाई. गोळी देतानी. मले दुखते ते दुखते, तिले काहून भेव दाखवू?"

मी तिथेच खाली बसले. सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला चटका बसल्यासारखा लागला. मी सगळं सांगून टाकलं, फवारणीचं, किडीला सवय लागते ते, राखून ठेवायच्या ते. गजेंद्र दारात येऊन उभा होता, त्याने मान खाली घातली. सिस्टर समजावायला लागल्या की दुखणं वर आल्यावर दिलेली गोळी त्याला गाठू शकत नाही, आणि अशा माणसाला नशा लागत नाही. पण मला काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त पदर दिसत होता.

मामाजी ओसरीवरून उठून आत आले. ते या खोलीत महिनाभर कधी बसले नव्हते. गजेंद्रला म्हणाले, "वांग्याले पाणी कवा देतं तू? सुकल्यावर?"

गजेंद्र म्हणाला, पाळीने.

"मंग हे ओलीत हाय, पाळीनं द्याचं पाणी. फवारा नाई." आणि सिस्टरकडे वळून विचारलं की पुढची पाळी कितीची.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटेची गोळी मामाजींनी दिली. रात्रीच्या विजेवर पाणी देऊन त्यांना जागायची सवय आहे, म्हणून रात्रीच्या पाळ्या ते घेणार. दिवसाच्या माझ्या.

मी देताना हात कापला. आत्याबाईंनी पाहिलं. मी म्हटलं, "कापू द्या. मागितल्याबिगर राहाचं नाई आता." त्यांनी गोळी घेतली.

पिंजरा उचलून गोठ्यात फेकून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पोह्यात हळद जास्त झाली. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, बसल्या, पाठीला उशी लावून. एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अठरा साल झाले, हिले हळद समजली नाई."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग बाहेर येऊन उलट उत्तर दिलं, कारण दिलं नसतं तर त्यांना शंका आली असती.

सिस्टरनी फोन करून गोळी थोडी वाढवली. पोट साफ होण्याची विसरू नका म्हणाल्या. ती विसरण्याची सोय नाही, आत्याबाई स्वतःच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा त्याचा हिशोब सांगतात. मला लाज वाटते. त्यांना वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आत्याबाई वावरात आल्या.

सिस्टरनी सांगितलं होतं, जायच्या आधी गोळी द्या आणि सोबत एक जास्तीची ठेवा. गजेंद्रने भाजीच्या छोट्या गाडीत गादी अंथरली, सायली उशा घेऊन बसली, गजेंद्रने गाडी इतकी हळू हाकली की मामाजी पायी पुढे पोचले. एक खड्डा आला तेव्हा मी देवाला नारळ बोलले. आत्याबाई मात्र रस्त्याने कोणाचा हरभरा कसा आहे ते सांगत होत्या, आणि कोणाचाच त्यांना पसंत नव्हता.

खुर्चीत बसवून आम्ही त्यांना वांग्याच्या तासात, दोन ओळींच्या मधे, उतरवलं. त्यांनी हाताने दाखवत मला झाडं फिरवली. बांधाकडचं नको. पहिल्या बहराचं फळ नको. ज्याच्या पानाला रोग नाही, ज्याचं देठ जाड, ते. मी एक दाखवलं, त्यांनी नाही म्हटलं. दुसरं दाखवलं, नाही. तिसऱ्याला म्हणाल्या, "आता डोळा उघडला तुहा."

राखलेल्या झाडाला चिंधी बांधतात, म्हणजे तोडणाऱ्या बायका त्याचं फळ तोडत नाहीत. चिंधी आणायची मी विसरले होते. आत्याबाईंनी पिशवीतून हिरव्या लुगड्याचा कापून घेतलेला तो पदर काढला. त्यांनी तो येताना घेतला होता. "फाड," म्हणाल्या. मी फाडला. कुरतडलेला काठ माझ्या हातात आला तसा मी दुसरीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, उंदरानं खाल्लेलं कामी आलं. आणि हसल्या.

चिंध्या मी बांधल्या. मग त्यांनी पुढचं सगळं सांगितलं, वांगं पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत तोडायचं नाही, गर पाण्यात चोळायचा, तरंगेल ते बी फेकायचं, बुडेल ते ठेवायचं, राख लावून सावलीत वाळवायचं. मला म्हणायला लावलं. शाळेत म्हणतात तसं मी म्हणून दाखवलं. मला थोडा रागही आला. वांगी पिवळी व्हायला अजून महिना-सव्वा महिना आहे, तेव्हा त्या समोर बसून सांगतीलच की. इतकं बरं वाटतंय त्यांना. आज भाकरीही खाल्ली, वावरातली मेथी घालून. मला तर वाटायला लागलंय डॉक्टरांनी फोटो नीट पाहिले नसतील.

परत येताना त्या गादीवर पडून होत्या, डोळे उघडे. जास्तीची गोळी लागली नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. धीरज आला. आईपाशी बसून दिवसभर मोबाईलमधले फोटो दाखवत होता. त्या त्याला म्हणाल्या, हाडं झिजली माझी, डॉक्टरनं सांगतलं. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. धीरजनेही डोलावली. आम्ही सगळे मान डोलवत होतो, आणि त्या आम्हा सगळ्यांकडे पाहत होत्या.

संध्याकाळी मला म्हणाल्या, ते बांगड्यांचं गाठोडं सायलीला दे, आता तिला येतील. मी म्हटलं दहावी होऊ द्या.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड, पण आमच्या दारात कोणी रंग आणला नाही. आठ दिवसांपासून आत्याबाई जेवण नको म्हणतात. दोन चमचे ताक, बस्स. पाय सुजलेत. मला पुन्हा ती जुनी भीती. सिस्टरना फोन केला, त्या म्हणाल्या जबरदस्ती करू नका, शरीर मागत नाही. ओठ ओले ठेवा. गोळी गिळता येईना झाली तर चुरून थोड्या पाण्यात गालाच्या आत सोडा, पाळी चुकवू नका.

विचारलं, सिस्टर, किती दिवस? त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, तुम्ही घरीच आहात ना, ते चांगलं आहे.

डॉक्टर चुकले नव्हते.

२० मार्च, गुरुवार

आज दुपारी आम्ही दोघीच होतो. मी त्यांचे केस विंचरत होते. नवे आलेले, पोरासारखे मऊ. मी म्हटलं, आत्याबाई, आमी तुमाले खोटं सांगतलं. हाडाचं.

त्या म्हणाल्या, "मालूम हाय. गजूले नको सांगू, त्याले वाईट वाटन."

मग विचारलं, तुला अजून भेव वाटतं का. हो म्हटलं. मग म्हणाल्या मलाबी वाटे, दुखत होतं तवा. आता नाही वाटत तितकं. विंचर.

२३ मार्च, रविवार

आत्याबाई गेल्या. सकाळी.

२४ मार्च, सोमवार

पहाटेची गोळी मामाजींनी दिली होती. सकाळची मी चुरून दिली, गालात सोडली. हात कापला नाही. मग मी चहा ठेवला. मामाजी त्यांचा पाय धरून बसले होते. चहा उकळायच्या आत त्यांनी मला हाक मारली. मी गेले. एक श्वास आला, मग फार वेळाने एक. मग नाही.

ज्या गोष्टीची मला जानेवारीपासून भीती होती ती अगदी तशीच झाली. माझ्या हातून गोळी गेली आणि मग त्या गेल्या.

वनमालाताई आल्या, गळ्यात पडल्या, आणि बायकांत बसल्या बसल्या बोलल्या की गोळी दिल्याबरोबर गेली माय. मामाजी दारातून म्हणाले, "पहाटची म्या देल्ली, सकाळची हिनं देल्ली. बोलाचं त दोघायले बोल." ताई गप्प झाल्या. पण माझ्या मनाला कोण गप्प करणार. सिस्टरनी फोनवर सांगितलं की आजाराने नेलं, गोळीने नाही. मी हो सिस्टर म्हटलं. ऐकलं तेव्हा पटलं, फोन ठेवल्यावर नाही.

७ एप्रिल, सोमवार

तेरवी झाली. पाहुणे गेले, धीरज गेला. गजेंद्र मंडी सोडून कुठे जात नाही, परत आला की आईच्या रिकाम्या खाटेवर बसतो.

सकाळी वावरात गेले. चिंध्या बांधलेल्या झाडांची वांगी पिवळी होऊन मऊ पडली आहेत. एक तोडलं. मला सगळं पाठ होतं. तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते ठेवायचं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की त्या दिवशी त्यांनी मला का म्हणायला लावलं. मी किती चिडले होते.

घरी येऊन त्यांचे कपडे धुवायला काढले. शेवटचे पंधरा दिवस त्या एकच निळं लुगडं नेसत होत्या, मऊ पडलेलं, दुसरं टोचतं म्हणायच्या. तेरवीपर्यंत त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता. भिजवण्याआधी पदर हातात घेतला. अंगणात उन्हात नेला. या काठापासून त्या काठापर्यंत बोटांनी चाचपत गेले, मग उलटा करून पुन्हा.

एकही भोक नव्हतं. धागासुद्धा निघालेला नव्हता.

वनमालाताई निघायच्या तयारीत होत्या. त्यांना हाक मारून पदर त्यांच्या हातात दिला. त्यांना काही समजलं नाही. मी सांगितलं, उंदीर कोण होता ते. मग आम्ही दोघींनी मिळून ते लुगडं धुतलं.